रविवारचा कोपरा

दर वर्षी मे महिन्यातल्या पहिल्या बुधवारी अल्बर्टाबाई फेन्स्ट्रा तिसरीच्या मुलांना वेस्टरमीर गाव दाखवायला घेऊन निघत. तेहेतीस वर्षं हा नेम चालला होता. गुडघे धड होते तोवर त्या एकट्या जात. गेली काही वर्षं समोरच्या घरातली व्हर्नेल प्रुइट बरोबर असे. व्हर्नेलने याच गावात एकोणतीस वर्षं टपाल वाटलं होतं. कुठला रस्ता कुठे उतरतो, कुठल्या वळणावर बर्फ उशिरा वितळतं, हे तिच्या पोटऱ्यांना पाठ होतं. त्यामुळे दोघींची वाटणीच झाली होती. इतिहास अल्बर्टाबाईंनी सांगायचा, भूगोल व्हर्नेलने.

रिज रोडवर पोहोचलं की व्हर्नेल मुलांना थांबवी आणि विचारी, की आपल्या गावातले सगळे रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, मग हा एकटाच वाकडा का? मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघत. मग ती सांगे, की हा मुळात रस्ताच नाही, हा तळ्याचा काठ आहे. फार फार पूर्वी बर्फाचे डोंगर वितळले तेव्हा इथे नजर पोचणार नाही एवढं पाणी होतं, त्याच्या लाटांनी ही वाळू आणून टाकली. ते ऐकून मुलं पाय उचलून बुटांखाली वाळू शोधत.

पुढचं अल्बर्टाबाईंचं. हॉलंडहून अमेरिकेत आलेल्या आपल्या माणसांनी या कोरड्या काठावर घरं बांधली, चर्च बांधलं आणि खालच्या काळ्या, दलदलीच्या जमिनीत कांदा लावला. त्यासाठी आधी जमिनीतलं पाणी काढावं लागलं. भाजलेल्या मातीच्या हातभर लांबीच्या नळ्या, एकीला एक लावून, कमरेएवढ्या खोल पुरायच्या, थेट ओढ्यापर्यंत. आज त्या शेतांवर घरं आहेत, गॅरेजं आहेत, पण नळ्या अजून खालीच आहेत. आणि फेरीच्या शेवटी, संडे लेनच्या तोंडाशी, बाई आवाज थोडा खाली आणत. इथे त्यांच्या वडिलांची, हार्म तिमर यांची आणि शेजाऱ्यांची शेतं होती. सगळीकडे कांदा होता, पण हा एक कोपरा कोणी कधी नांगरला नाही. आठवड्यातला एक दिवस जसा देवाचा, तसा जमिनीतला एक तुकडा देवाचा. त्याला सगळे रविवारचा कोपरा म्हणत. म्हणून या गल्लीचं हे नाव.

गोष्ट सुंदर होती. गावाला शंभर वर्षं झाली तेव्हाच्या पुस्तिकेत ती होती, चर्चच्या भिंतीवर चौकटीत होती. यंदा गावाला सव्वाशे वर्षं होत होती, आणि नव्या पुस्तिकेची कच्ची पानं अल्बर्टाबाईंच्या जेवणाच्या टेबलावर तपासायला येऊन पडली होती. सातव्या पानावर हार्म तिमर टोपी छातीशी धरून उभे होते आणि खाली तीच गोष्ट होती.

या वर्षी मात्र समोरचे दोन दात पडलेल्या एका मुलीने विचारलं, "जागा देवाची होती, तर मग तिथे घरं कशी बांधली?"

मुलांच्या वर्गशिक्षिका ओशाळल्या. व्हर्नेल म्हणाली, "मी देवाला विचारूनच राहायला आले गं बाळ," आणि सगळे हसले. अल्बर्टाबाईंना मात्र हसू फुटेना. त्यांचं लक्ष व्हर्नेलच्या दारावरल्या पालिकेच्या पांढऱ्या कागदाकडे होतं.

कागदात काय आहे हे गल्लीला ठाऊक होतं. संडे लेनच्या खालच्या टोकाची चार घरं पालिका ताब्यात घेणार होती. ती पाडून तिथे पावसाचं पाणी साठवायला तळं करायचं होतं. दोन वसंतांत मिळून तिसऱ्यांदा व्हर्नेलच्या तळघरात गुडघाभर पाणी आलं होतं. बाकीच्या तिघांची मनं जवळजवळ तयार होती. व्हर्नेलचं नव्हतं. टपालाची पिशवी खांद्याला लावून या गल्लीतून जाता-येता तिने हे घर आठ वर्षं नजरेत धरलं होतं. तिच्या घराण्यात स्वतःच्या नावाचं घर घेणारी ती पहिली. "संडे लेन," ती सांगे, "माझ्या आईने पत्ता ऐकला आणि म्हणाली, घे, डोळे मिटून घे." त्या आईचे शेवटचे दिवस याच घरात गेले होते. मागच्या अंगणातली लायलॅकची झाडं आईच्या हातची.

पालिकेच्या इंजिनिअरबाईंनी अहवालात लिहिलं होतं, की नकाशाप्रमाणे मातीच्या नळ्यांची जुनी ओळ या चार घरांच्या मागून अखंड ओढ्यापर्यंत जाते आणि ओढ्याच्या तोंडाशी ती झिरपतेही आहे. म्हणजे दोष नळ्यांचा नाही, जमीनच मुळात खोलगट आहे. तिथे तळंच शोभेल. चौदा तारखेला पालिकेत सुनावणी होती.

तो नकाशा अल्बर्टाबाईंच्या यजमानांनी काढला होता. गेरिट फेन्स्ट्रा पालिकेच्या पाणी खात्यात पस्तीस वर्षं होते. त्यांच्या हातची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची. ते जाऊन अकरा वर्षं झाली तरी अडचण आली की खात्यातली माणसं म्हणत, फेन्स्ट्रांचा नकाशा काढा.

आणि ती रेघ खोटी होती. हे साऱ्या गावात आता एकट्या अल्बर्टाबाईंना माहीत होतं.

*

त्या सहा वर्षांच्या होत्या. वरून, काठाकडून येणारी जुनी नळ्यांची ओळ होती. ओढ्याकडून नवी ओळ घालत घालत शेतकरी तिला भिडायला निघाले होते. आठवडाभर खणणं चाललं होतं. शनिवारी दिवस मावळला तेव्हा दोन्हींच्या मध्ये चाळीस पावलं उरली होती. चर तिथवर खणून तयार, फक्त नळ्या बसवून माती लोटायची. आभाळ भरून आलं होतं. कोणीतरी म्हणालं, उद्या पहाटे दोन तास लागलो तर काम होईल, देव काही रागावणार नाही. हार्म तिमर चर्चचे पंच होते. ते म्हणाले, रविवार म्हणजे रविवार. सगळ्यांनी फावडी धुऊन ठेवली.

रविवारी सकाळी चर्चमध्ये उपदेश सुरू होताना आईने नेहमीसारखी पेपरमिंटची गोळी हातावर ठेवली, आणि ती जिभेवर अर्धी विरघळेतो छपरावर पाऊस कोसळायला लागला. पाळकांचा आवाज ऐकू येईना. पुढच्या बाकांवरचे सगळे पुरुष ताठ बसले होते आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. छोट्या अल्बर्टाला वडिलांची मान मागून दिसत होती. ती लाल झाली होती.

सोमवारी चर उरलाच नव्हता. भिंती कोसळून सगळा चिखल झाला होता, कांद्याची लावणी डोक्यावर आली होती, आणि ओढ्यापलीकडचे जर्मन शेतकरी, जे रविवारी दुपारी खुशाल काम करत, ते गाड्या थांबवून बघत होते. त्यांच्यासमोर पुन्हा खणायला कोणाची मान वर होईना. चिखल सारखा केला. हंगाम संपला की करू म्हणाले. हंगाम संपला तेव्हा कोणी विषय काढला नाही. वरून येणारं पाणी त्या चाळीस पावलांत जमिनीत पसरायचं, म्हणून तो कोपरा सदा ओला राही, म्हणून कोणी नांगरत नसे. रविवारमुळे राहिला, म्हणून रविवारचा कोपरा. पुढे ते नाव हसत हसत घेणारी माणसं गेली आणि श्रद्धेने घेणारी उरली. हार्म तिमर यांनी कधी खोटं सांगितलं नाही. कोणी कौतुक केलं की ते नुसते गप्प बसत, आणि लोकांना तो विनय वाटे.

हे सगळं अल्बर्टाबाईंनी मनाच्या तळाशी ठेवलं होतं. पण त्याहून एक गोष्ट आणखी खाली होती. बुधवारी मुलं शाळेत परतल्यावर त्या गॅरेजमध्ये गेल्या आणि गेरिटच्या हत्यारांच्या पेटीतून त्यांची वही काढली. वहीबरोबर काटकोनात वाकवलेल्या दोन पितळी सळयाही हाताला लागल्या. पाण्याची पुरलेली नळी शोधायला खात्यातले लोक अशा सळया हातात सैल धरून चालत. खाली नळी असली की सळया आपोआप एकमेकींवर येत. अल्बर्टाबाईंना हा प्रकार कधी पटला नव्हता. देवाच्या माणसाने असलं काही हातात धरू नये, असं त्या म्हणायच्या, आणि गेरिट म्हणायचे, देवाने पितळेला जे शिकवलं ते मी कशाला विसरायला लावू.

वहीत एकोणीसशे पासष्टच्या सप्टेंबरातलं पान होतं. गेरिटचं बारीक, उभं अक्षर. "संडे लेनच्या मागे. नळी हायड्रंटपासून पश्चिमेला बावन्न पावलांपर्यंत. पुढे चाळीस पावलं सळया गप्प. पुन्हा नळी. अल्बर्टाला विचारणे."

खाली, दुसऱ्या दिवशीच्या शाईत: "विचारलं. वडील आहेत तोवर नको म्हणाली."

वडील नऊ वर्षांनी गेले. त्यानंतर गेरिटने पुन्हा विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या कोपऱ्यावर घरं तोवर उभी राहिलीच होती, सगळ्यांकडे पाणी उपसायचे पंप होते, पाऊस आजच्यासारखा पिसाटल्यागत पडत नव्हता. चालून गेलं. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करणाऱ्या, जेवणाआधी नि जेवणानंतर डोळे मिटणाऱ्या बाई त्या. इतक्या वर्षांत रविवारी त्यांनी कधी सुईत दोरा ओवला नाही. आणि हे एवढं मात्र चालून गेलं.

टेबलावर सातवं पान पडलं होतं. वडील टोपी छातीशी धरून बघत होते. अल्बर्टाबाईंनी त्या रात्रीची प्रार्थना रोजच्यासारखी म्हटली. पण मागणं काही सुचेना, म्हणून नुसत्या बसून राहिल्या.

*

शुक्रवारी त्या रस्ता ओलांडून व्हर्नेलकडे गेल्या. वही पिशवीत होती.

व्हर्नेल तळघरात होती. फडताळाच्या खालच्या फळ्या रिकाम्या करून आईचे फोटो ती वरच्या फळीवर लावत होती. भिंतीवर पाण्याच्या तीन रेघा तीन उंचींवर उमटलेल्या होत्या.

"या, मिस अल्बर्टा. कोपऱ्यात पाय देऊ नका, तिथे अजून ओल आहे," ती म्हणाली. "पाणी नेहमी तिथूनच सुरू होतं. आधी एक टिपूस, मग ताटाएवढं, मग मला शिव्या सुचायला लागतात."

अल्बर्टाबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि सुरुवातीपासून सांगायला लागल्या. शनिवार, पाऊस, वडिलांची मान, जर्मनांच्या गाड्या. मग सळया. मग वहीतलं पान त्यांनी उघडून पुढे केलं. व्हर्नेलने चष्मा लावून ते वाचलं, दोन वेळा. आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं वाचलेली बाई; तिला काही विचारावं लागलं नाही.

 वर फ्रिज चालू झाल्याचा आवाज आला.

"मी राहायला आले तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा? तुम्ही बादली घेऊन आला होतात."

"तेव्हाही होतं."

व्हर्नेलने वही मिटून परत दिली. अगदी हळूच, एखाद्याचं पत्र त्याच्या हातात द्यावं तशी.

"मी आले तेव्हा, काळी शेजारीण नको म्हणून, या गल्लीतली तुमची माणसं एकेक करून घरं विकून गावाच्या सीमेपलीकडे गेली," ती म्हणाली. "तुम्ही गेला नाहीत. ॲपल पाय भाजून घेऊन यायला तुम्हाला तीन आठवडे लागले खरे, पण आलात. वरचं आवरण करपलेलं होतं. मी आईला सांगितलं, या गावात एक माणूस खरं आहे."

अल्बर्टाबाईंनी वही पिशवीत ठेवली. 

"आता तुम्ही घरी जा, मिस अल्बर्टा. मला फोटो लावायचेत."

त्या गेल्या. शनिवारी समोरचे पडदे उघडले नाहीत. रविवारी व्हर्नेल आपली जांभळी टोपी घालून तिच्या चर्चला गेली, गाडी मागे घेताना रोज वर होणारा हात वर झाला नाही. सोमवारीही नाही. अल्बर्टाबाईंनी सातव्या पानावर पेन्सिलने आडवी रेघ मारली आणि शेजारी नवं लिहायला घेतलं. चार ओळी लिहायला चार दिवस लागले. वडिलांना दोष न देता खरं कसं लिहायचं, हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी जे घडलं तेवढंच लिहिलं.

*

सुनावणीत प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं मिळत. सभागृहात चर्चमधली माणसं बरीच होती. काठावरच्या जुन्या घराण्यांतली उरलीसुरली. अल्बर्टाबाई माइकसमोर उभ्या राहिल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई सव्वाशे वर्षांच्या समारंभाबद्दल काही सांगणार.

त्यांनी गेरिटची वही काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "तिथे चाळीस पावलं नळ्या नाहीत. माझ्या वडिलांनी रविवारी काम थांबवलं, नंतर कोणी पुरं केलं नाही. माझ्या यजमानांना सापडलं होतं. मी त्यांना नकाशात दाखवू दिलं नाही. घरं पाडण्याआधी एकदा खणून बघा. एवढंच."

तीन मिनिटांतलं एक मिनिटही लागलं नाही. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी घसा खाकरला. ते हार्म तिमर यांच्या शेजाऱ्याचे चिरंजीव. बाई परत येताना त्यांच्याजवळून गेल्या तेव्हा ते कुजबुजले, "अल्बर्टा, हे सांगायची काय गरज होती? सगळे गेले आता." बाई म्हणाल्या, "पाणी नाही ना गेलं, विल्यम."

इंजिनिअरबाईंनी वही नीट वाचली. त्या मोकळ्या मनाच्या होत्या. म्हणाल्या, पावलांवरून खणणं कठीण, कोणाची पावलं, केवढी पावलं. तरी शनिवारी एक दिवस खोदयंत्र देऊ, सापडलं तर जोडूनच टाकू. निर्णय पुढच्या सभेवर गेला.

शनिवारी सकाळी डेल पोस्टमा दोन माणसं आणि पिवळं यंत्र घेऊन आला. पाणी खात्याचा हा मुकादम लहानपणी चर्चमधल्या अल्बर्टाबाईंच्याच रविवारच्या वर्गात होता. आगीच्या बंबाला पाणी देणारा हायड्रंट सापडला. पश्चिमेला बावन्न पावलं. डेलने टेप काढली, मग गोंधळून उभा राहिला. "गेरिटसाहेब उंच होते की बुटके?" त्याने विचारलं. "माझ्या पावलाने मोजलं तर कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जाईन."

अल्बर्टाबाईंना सांगता येईना. साठ वर्षांपूर्वी नवऱ्याचं पाऊल केवढं पडायचं, हे कोणी मोजून ठेवतं का?

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. व्हर्नेल बाहेर आली. पायांत टपालखात्याचे जुने काळे बूट होते, नाड्या करकचून बांधलेल्या.

"ते माझ्याएवढेच होते," ती डेलला म्हणाली, अल्बर्टाबाईंकडे न बघता. "सकाळी मी टपालाची फेरी सुरू करायचे तेव्हा ते रस्त्यातली पाण्याच्या झडपांची झाकणं तपासत निघायचे. तीन चौक बरोबर चालायचो. त्यांचं पाऊल आणि माझं पाऊल एकाच वेळी पडायचं, त्यावरून ते मला चिडवायचे, की सरकार एकच, पगार दोन. सरका बाजूला."

आणि ती हायड्रंटपासून चालायला लागली. मान सरळ, एक हात अंगाशी, जणू खांद्याला पिशवी आहे. ओठ हलत होते. बावन्नाव्या पावलाला लायलॅकच्या झाडांच्या अलीकडे थांबली आणि टाच मातीत रोवली.

"इथे."

तिने दाखवलेल्या जागेपासून दोन फुटांवर, कमरेएवढ्या खोल, पहिली नळी लागली. डेल स्वतः खड्ड्यात उतरला आणि हाताने माती काढू लागला. नळीच्या तोंडावर काहीतरी बसवलेलं होतं. काळी पडलेली लाकडी फळी, कांद्याच्या खोक्याची, कडेने चिकणमाती लिंपून घट्ट केलेली. एवढ्या वर्षांच्या ओलीत ती कुजली नव्हती. डेलने अंगठ्याने पुसली तशी त्यावर डागलेली अक्षरं वर आली. एच. तिमर.

नळीत माती जाऊ नये म्हणून हार्म तिमर यांनी शनिवारी संध्याकाळी निघताना तिचं तोंड झाकलं होतं. सोमवारी सकाळी उघडायचं म्हणून.

डेलने फळी वर दिली. अल्बर्टाबाईंनी ती दोन्ही हातांत धरली. लिंपणाच्या मातीत बोटांचे ठसे होते, चार, ओळीने. त्यांनी त्यावर आपली बोटं ठेवली नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं.

"नीट झाकलंय," व्हर्नेल म्हणाली. "परत येणारा माणूस झाकतो तसं."

*

दुपारी चारपर्यंत चाळीसपैकी पंधरा पावलं नव्या नळ्या बसल्या. दुसरं टोकही सापडलं, त्यातून गढूळ पाणी ठिबकत होतं. डेलने यंत्र बंद केलं आणि फोनवर हवामान बघितलं. उद्या दुपारी एकपासून जोराचा पाऊस. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. मग तो अल्बर्टाबाईंपाशी आला. चर उघडा ठेवला तर उद्या काय होईल हे त्याला दिसत होतं. पण उद्या रविवार होता, चर्च इथून दोन चौकांवर, खिडक्या उघड्या असतात, आणि यंत्राचा आवाज सगळ्यांना ऐकू जाणार. त्याचे वडील आता चर्चचे पंच होते.

"मिसेस फेन्स्ट्रा, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. त्याचं वय पन्नास होतं, पण उभा मात्र वर्गात उभा राहायचा तसाच राहिला.

अल्बर्टाबाईंनी आभाळाकडे पाहिलं. पश्चिमेला ढग जमायला लागले होते. मग हातातल्या फळीकडे पाहिलं.

"माझे वडील चांगले होते, डेल," त्या म्हणाल्या. "त्यांनी थांबवलं. मी नाही थांबवत. पहाटे या. जेवण मी आणीन."

त्या घरी गेल्या आणि दर शनिवारी करत तसं रविवारचं सूप चुलीवर चढवलं, फक्त मोठ्या पातेल्यात. बटाटे सोलून झाले, बन कापून हॅम भरून ठेवला, बूट पुसले. सूर्य मावळायच्या आत सगळं आवरलं. त्यांचं व्रत त्यांच्याकडे. ते काही त्यांनी सोडलं नव्हतं.

रविवारी उपदेश सुरू झाला आणि त्यांनी सवयीने पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली. उघड्या खिडकीतून यंत्राची घरघर येत होती. बाकांवर माना वळल्या, कोणी अल्बर्टाबाईंकडे बघितलं, कोणी डेलच्या वडिलांकडे. पाळक क्षणभर थांबले. अल्बर्टाबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या उपदेशाच्या वेळी दुसरंच काही ऐकत होत्या, आणि त्यांना वाटलं, वडील असते तर त्यांनीही कान तिकडेच लावला असता. डेलचे वडील उठले आणि खिडकीशी गेले. ती ते लावून घेणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी ती आणखी थोडी वर उचलली आणि जागेवर येऊन बसले.

सूप खड्ड्याच्या काठावर उभ्या उभ्याच संपलं. एकाला दहा मिनिटं असताना शेवटची नळी बसली. डेलची माणसं माती लोटत होती तेव्हा पहिले थेंब पडले, आणि तेवढ्यात व्हर्नेलची गाडी आली. तिच्या चर्चचा उपदेश कधीच वेळेवर संपत नसे. ती जांभळ्या टोपीसकट तशीच मागच्या अंगणात आली आणि तिने भरलेल्या चराकडे, चिखलाने माखलेल्या माणसांकडे, रिकाम्या पातेल्याकडे आणि पावसात छत्रीशिवाय उभ्या असलेल्या अल्बर्टाबाईंकडे बघितलं.

"चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला निमोनिया झाला तर लोक मलाच विचारतील," ती म्हणाली. "आत चला."

वर कॉफी झाली. मग दोघी तळघराच्या जिन्यावर जाऊन बसल्या, व्हर्नेल खालच्या पायरीवर, अल्बर्टाबाई तिच्या वरच्या. बाहेर पाऊस असा पडत होता की लहान खिडकीतून नुसतं पांढरं दिसत होतं. कोपरा समोर होता. पाणी यायचं तर तिथूनच यायचं, आधी एक टिपूस, मग ताटाएवढं. दोघी त्याच्याकडे बघत होत्या.

अर्धा तास गेला. पाऊण तास.

अल्बर्टाबाईंनी पर्समधून पेपरमिंटच्या दोन गोळ्या काढल्या आणि एक पुढे धरली. व्हर्नेलने मान न वळवता हात मागे केला आणि घेतली.

"माझा राग अजून गेलेला नाही, मिस अल्बर्टा," ती म्हणाली.

"जाऊ दे सावकाश. मला घाई नाही."

"पुढच्या वर्षी मुलांना कोपऱ्यापाशी काय सांगणार?"

"जे झालं ते. तू म्हणालीस तर."

व्हर्नेलने गोळी गालात फिरवली. "ती फळी तुम्ही मला द्या," ती म्हणाली. "मी इथे लावते, या भिंतीवर, पाण्याच्या तिन्ही रेघांच्या वर. मुलांना खाली आणून दाखवू. भूगोल माझ्याकडेच आहे ना?"

वर घराच्या छपरावर पाऊस वाजत राहिला. कोपऱ्यातली फरशी राखाडी होती, तशीच राखाडी राहिली. पंप एकदाही चालू झाला नाही. थोड्या वेळाने व्हर्नेलने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि जिन्याच्या भिंतीला टेकून बसली. अल्बर्टाबाईंनी पाय थोडे बाजूला घेऊन तिला जागा करून दिली.